अंदमान सोडून कुठेही

“अंदमान? अगं बाई, काळं पाणी ते!” नलूआत्याने श्रीखंडाचा डाव पातेल्यात तसाच सोडला. “अंगावरची हळद उतरायच्या आत काळ्या पाण्यावर जायचं? ऐकणारा काय म्हणेल?”

“आत्या, मी शिक्षा भोगायला नाही चाललेय. स्कूबा शिकायला चाललेय.”

“म्हणजे पाण्याखाली बुडायचंच ना? मग मालवणला बुड की. जवळ आहे, जेवण तरी आपलं मिळेल.”

साताऱ्याला आत्याकडे माझं केळवण होतं. पाटाभोवती रांगोळी, पुढे समई, आणि शेजारच्या पाटावर सारंग लोहोकरे, माझा ठरलेला नवरा. लग्न माघात होतं. लग्नानंतर आम्ही कुठे जायचं हा प्रश्न आमच्या दोघांचा उरलाच नव्हता. अख्ख्या वाळिंबे खानदानाने तो अंगावर घेतला होता.

मी हेमांगी. गुरांची डॉक्टर. तेव्हा कराडजवळच्या सरकारी दवाखान्यात होते आणि तिशी मागे पडली होती. स्थळं यायची, आणि मुलगी अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते हे कळलं की चहा अर्धा टाकून उठायची. माझ्या अटी दोनच होत्या. एक, माझ्या कामाची लाज वाटणारा नको. दुसरी, बिजवर नको. घटस्फोट झालेला असो नाहीतर बायको गेलेला, दुसरीच्या रिकाम्या जागी मला जाऊन बसायचं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कपाळाला हात लावायचे. “घोडनवरी झालीस, आता अटी कसल्या घालतेस?” म्हणायचे. मी म्हणायचे, “दोनच आहेत, त्या तरी राहू द्या.”

मग आत्याने सारंगचं स्थळ आणलं. पुण्यात पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर, बोलायला कमी. तो बघायला आला त्या दिवशी मी मुद्दामच अडलेल्या म्हशीची गोष्ट काढली, रक्ताबिक्तासकट. म्हटलं, पळायचं असेल तर आत्ताच पळू दे. त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, “मग? वाचली का म्हैस?” तिथेच माझी विकेट पडली. खोटं कशाला बोलू, मला तो मनापासून आवडला होता.

आणि स्कूबाचं वेड माझं जुनं. कृष्णेत पोहत वाढलेली मी. नदीत डोळे उघडे ठेवून कितीही बुड्या मारा, गढुळाखेरीज काही दिसत नाही. एकदा तरी तळापर्यंत दिसेल अशा पाण्यात शिरायचं होतं. म्हणून लग्न ठरल्यापासून माझी चौकशी चालू होती. जो भेटेल त्याला विचारत होते, कॉम्प्युटरवर शोधत होते. मालवण जवळचं, पण पाणी कधी नितळ, कधी गढूळ, नशिबाचा खेळ. मुरुडेश्वरच्या पुढचं बेट सुंदर म्हणे, पण तिथे बोटीतून थेट खोल पाण्यात उतरायचं. मालदीवला काही ठिकाणी प्रवाहाची ओढ. अंदमानचा समुद्र त्या दिवसांत शांत, आणि हॅवलॉक बेटावर किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं. नवशिक्याला आणखी काय हवं? माझं ठरलं होतं.

“शिवाय तिथे मगरी आहेत,” दिगूमामा म्हणाला. हा आईचा धाकटा भाऊ, खास कोल्हापूरहून आला होता.

“मगरी काय आपल्या कृष्णेत नाहीत? सांगलीच्या पुलावरून तूच मला दाखवली होतीस.”

“ती आपली गं,” मामा म्हणाला.

सगळे हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. “आणि कानांचं काय? विमानात तुझे कान दुखतात.”

“अण्णा, मी जन्मात कधी विमानात बसलेय का?”

“म्हणूनच सांगतो. दुखतील.”

आई तुपाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होती. माझ्या पानाशी थांबून म्हणाली, “जाऊ दे की तिला. एवढी हौस आहे तर.”

“तू गप गं,” अण्णा खेकसले. “तुला त्यातलं काय कळतंय?”

आई नेहमीप्रमाणे गप्प झाली आणि पुऱ्या आणायला आत गेली. मी सारंगकडे वळले. “तुम्ही बोला की काहीतरी. तुम्हालाही यायचंय ना?”

त्याचे कान लाल झाले. “तुम्ही म्हणाल तिथे,” तो पानाकडे बघत म्हणाला.

“नंदीबैल मिळालाय मला,” मी म्हटलं. पुन्हा हशा झाला.

“थट्टा पुरे,” आत्या म्हणाली. “लक्षद्वीपला जा, बालीला जा, त्या मालदीवला जा. अंदमान सोडून कुठेही जा.”

मला गंमत वाटत होती. लग्नघरात सगळ्यांना कशात तरी नाक खुपसायचं असतं. यांना समुद्र सापडला, एवढंच.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात पुण्याला गेले. एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावर नवशिक्यांसाठी अर्ध्या दिवसाची तालीम असायची. समुद्रात उतरण्याआधी श्वास घ्यायची सवय व्हावी म्हणून. सारंगला म्हटलं, तुम्हीही या. तो आला.

आमचा शिक्षक वसईचा, परेरा नावाचा. आडवातिडवा, पण आवाज एकदम मऊ. त्याने नळ्या, टाक्या, मास्क सगळं काठावर मांडलं आणि विचारलं, “कोणी आधी केलंय का?”

“छे हो! आम्ही दोघंही पहिलारू,” मी म्हणाले.

पहिल्यांदा वेणाऱ्या गाईला आमच्याकडे पहिलारू म्हणतात. परेराला ते कळलं नाही. सारंगला कळलं, कारण हे शब्द मीच त्याला शिकवले होते आणि एरवी तो त्यावर खूप हसायचा. त्या दिवशी हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग पायाकडे बघायला लागला.

परेराने आम्हाला काठावर बसवून पाठीवर टाक्या बांधल्या. ओझं असं की मागे कलंडेन की काय असं वाटलं. मग हातात मास्क दिले आणि तो पलीकडे कुणाचा तरी पट्टा आवळायला गेला. सारंगने मास्क उलटा केला. आत काचेवर थुंकला, अंगठ्याने थुंकी सगळीकडे चोळली, तलावात वाकून मास्क विसळला आणि कपाळावर चढवला. घरी दात घासावेत इतक्या सहज.

“ईऽऽ! अहो, थुंकताय काय?”

“याने काचेवर वाफ धरत नाही.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी शिकवतात तिथे.”

“तिथे म्हणजे?”

“हॅवलॉकला.”

मला हसूच फुटलं. “म्हणजे जाऊन आलात! आणि इतके दिवस ‘तुम्ही म्हणाल तिथे’ काय? लबाड कुठले. मित्रांबरोबर गेला होतात?”

“नाही. लग्नानंतर.”

“कुणाच्या?”

खरंच सांगते, मला वाटलं कुठल्या तरी मित्राच्या, नाहीतर बहिणीच्या. सारंग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर नवल होतं.

“माझ्या,” तो म्हणाला.

“आपलं तर अजून व्हायचंय.”

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि कानावर आलं, तेव्हा मला कळलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात. माझ्या पायाखाली जमीन नव्हतीच, नुसतं पाणी होतं. उठून जावं म्हटलं तर पाठीवर ती टाकी. उठताच येईना.

“हेमांगी,” सारंगचा आवाज चिरका झाला. “तुम्हाला माहीत आहे ना?”

“काय माहीत आहे?”

“असं काय करता? अण्णांनी सांगितलंय तुम्हाला.”

“काय सांगितलंय अण्णांनी?”

त्याने मास्क कपाळावरून ओढून काढला. “पहिल्या भेटीत, तुम्ही चहा घेऊन बाहेर यायच्या आधी, मी त्यांना अंगणात नेऊन सगळं सांगितलं. माझं लग्न झालं होतं, वर्षभरही टिकलं नाही, रीतसर घटस्फोट झालाय. म्हटलं, हेमांगींना आधी सांगा, त्यांना चालणार असेल तरच पुढे बोलू. ते म्हणाले, सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, तिला चालतंय म्हणून. फक्त म्हणाले, तिच्यापुढे तो विषय काढू नका, तिला त्रास होतो.”

“मला त्रास होतो?”

“असं म्हणाले. मी वाट बघत होतो तुम्ही कधीतरी विचाराल याची. तुम्ही अंदमान अंदमान करायला लागलात तेव्हा वाटलं, माझी परीक्षा बघताय. मग वाटलं, नाही, हिचं मन मोठं आहे, हिला ते जुनं पुसून टाकायचंय. आणि आत्ता पहिलारू म्हणालात, तेव्हा वाटलं टोमणा मारलात.”

माझ्या दातांवर दात आपटत होते. पाणी गार नव्हतं.

“आत्याला माहीत आहे?”

“त्यांना तर माहीतच आहे. परवाच त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, तिच्या डोक्यातून अंदमान काढा, दोन बायकांना एकाच जागी नेणं बरं दिसत नाही.”

“मामाला?”

त्याने हो म्हणून मान हलवली.

“आईला?”

“घरच्या सगळ्यांना सांगितलंय असं अण्णा म्हणाले होते.”

काळं पाणी. मगरी. माझे कान. एकेक आठवत गेलं. मी ज्यावर खिदळत होते तो यांचा कट होता. सगळं वऱ्हाड जाणतं आणि नवरी तेवढी अडाणी. रोज मुक्या जनावरांची लक्षणं बघून दुखणं ओळखणारी मी, आणि माझ्या घरातली बोलती माणसं मला ओळखता आली नाहीत.

परेरा परत आला. “काय मॅडम, उतरायचं का?”

“टाकी काढा,” मी म्हणाले. “आधी टाकी काढा माझ्या पाठीवरची.”

सारंग कपडे बदलून क्लबच्या फाटकापर्यंत मागोमाग आला. त्याला एवढंच सांगितलं, “आमच्या घरी फोन करू नका. मी बोलेपर्यंत कुणाशीच बोलू नका.” तो बरं म्हणाला. त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता. माझा राग त्याच्यावर यायला हवा होता, पण येईना. एसटीत बसले ती स्वारगेटपासून कराडपर्यंत एकाच माणसावर दात खात होते, आणि ते माणूस म्हणजे आई. अण्णा पहिल्यापासून तसलेच, आपलं तेच खरं करणारे. आत्याने स्थळ आणलं होतं, ती झाकणारच. पण आई? माझ्या रुखवतासाठी रात्री जागून मोत्याची तोरणं ओवणारी, ‘जाऊ दे की तिला’ म्हणून तोंडदेखलं बोलणारी आई? तिने कसं काय ओठ शिवून घेतले? घरी पोचले, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आई कपाळाला सुंठ लावायला आली. मी तिचा हात झटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरचं केळवण होतं. आत्या सकाळीच आली, मामा तिच्या पाठोपाठ. माहेरचं शेवटचं गोडधोड म्हणून आईने पहाटेपासून राबून पुरण घातलं होतं, अळूची भाजी, मसालेभात, सगळं. माझ्या पाटाला रांगोळी काढली होती. आत्याने औक्षण केलं, डोळ्यांना पदर लावला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. पाणी खरं होतं. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

अण्णा आणि मामा समोर, आत्या माझ्या शेजारी. आई वाढत होती.

“ठरलं माझं,” मी म्हणाले. “अंदमानच.”

“पुन्हा तेच!” आत्या म्हणाली. “अगं, तुला सांगितलं ना...”

“काळं पाणी. माहीत आहे. मामा, तुझं काय? मगरी ना?”

मामा घास घेता घेता थांबला. “नाही म्हणजे, त्सुनामी पण आली होती तिथे.”

“बरोबर. आणि अण्णा, माझे कान.”

“हेमा, उगाच हट्ट करू नकोस,” अण्णा म्हणाले. “सारंगरावांनाही ते पसंत नाही.”

“त्यांना कसं पसंत असेल? त्यांचं बघून झालंय सगळं. बायकोला घेऊन जाऊन आलेत ते.”

आत्याचा हात पुरणपोळीवर तसाच राहिला. मामाने मान खाली घातली. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला आश्चर्य दिसलं नाही. भीती दिसली.

मी तोंड उघडलं. आता आईला काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर होतं. तेवढ्यात मागून तिचाच आवाज आला.

“कुणाच्या बायकोला?”

मी वळले. आई तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. मी तलावाच्या काठावर विचारलं होतं तसंच.

माझ्या जिभेवरचं सगळं जिरून गेलं. हिला माहीत नव्हतं. माझ्यासारखंच हिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

“आई,” मी म्हणाले, “सारंगचं पहिलं लग्न झालंय. घटस्फोट झालाय. त्याने पहिल्याच दिवशी अण्णांना सांगितलं होतं. अण्णांनी त्याला सांगितलं, हेमांगीला चालतंय.”

आईने अण्णांकडे पाहिलं. मग आत्याकडे. “वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?”

“वहिनी, मुलगा सोन्यासारखा आहे हो. मी म्हटलं, लग्न झाल्यावर कळेल हळूहळू...”

आईने ते पुरतं ऐकलंच नाही. तिने मामाकडे पाहिलं. “दिगू? तुलापण?”

मामा पानातल्या भाताची शितं गोळा करत राहिला. “अक्का, भावजींनी शपथ घातली होती.”

“माझ्या भावाला सांगितलंत,” आई अण्णांना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मला तो ओळखू आला नाही. “माझ्या पाठच्या भावाला सांगितलंत आणि मला नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू हिला सांगितलं असतंस.”

“हो, सांगितलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं!” अण्णांनी हात झाडला. “आणि हिने काय केलं असतं? नाही म्हणाली असती. घरात बसवून ठेवायची होती का जन्मभर? बापाचा जीव तुटतो, तुम्हाला काय त्याचं?”

“म्हटलं असतं नाही,” मी ओरडले. “माझं होतं ते नाही, अण्णा! तुम्ही माझ्या वतीने हो कसं म्हणालात?”

“तुझ्या भल्यासाठी म्हणालो.”

मला रडू फुटलं.

आईने तुपाचं भांडं जमिनीवर ठेवलं. स्वयंपाकघरात गेली, स्वतःसाठी ताट घेऊन आली आणि आत्याला म्हणाली, “वन्सं, जरा सरका.” आत्या सरकली. आई माझ्या शेजारी मांडी घालून बसली. पंगत उठायच्या आधी जेवायला बसलेली आई मी जन्मात पाहिली नव्हती. तिने माझ्या पानातली पोळी मोडून एक तुकडा माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला.

“वहिनी, पुरुष माणसं जेवताहेत,” आत्या कुजबुजली. “वाढायचंय अजून.”

“ज्याचं त्याने घ्या वाढून,” आई म्हणाली आणि जेवायला लागली.

अण्णांनी मसालेभातासाठी हात पुढे केला होता. तो तसाच मागे घेतला.

सारंगला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन केला. बाहेर लस टोचायला आणलेल्या शेळ्या ओरडत होत्या.

“तुमच्याशी थेट बोलायला हवं होतं मी,” तो म्हणाला. “वडिलांच्या हाती निरोप नको होता द्यायला.”

“हो. नको होता.”

“आता विचारू का तुम्हाला? सगळं माहीत झाल्यावर?”

हो म्हणावंसं इतकं वाटलं की मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं असतं तर अट गुंडाळून ठेवून मी हो म्हटलंही असतं, हे मला कळत होतं. पण आता हो म्हटलं असतं तर अण्णा बरोबर ठरले असते. जन्मभर ऐकवलं असतं, बघ, केलं ना भलं?

“नाही,” मी म्हणाले. “मला नाही जमणार.”

शेळ्यांचा आवाज त्यालाही ऐकू जात असणार.

“एक विचारते, ते मात्र खरं सांगा,” मी म्हणाले. “नवशिक्या बाईने कुठे जावं? खरोखर?”

“अंदमानलाच,” तो लगेच म्हणाला. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच त्याने या विषयावर तोंड उघडलं, आणि मग थांबेचना. “हॅवलॉकलाच जा. बोटीतून उडी मारायला लावणारे नकोत, किनाऱ्यावरून चालत नेणारे बघा. एका शिक्षकाकडे एकच नवशिका असेल असं आधी विचारून घ्या. सर्दी असेल तर उतरू नका, कितीही आग्रह झाला तरी. कान दुखले की लगेच खूण करा, दामटू नका. आणि बुडी मारली की लगेच विमान धरायचं नाही, मधला दिवस मोकळा ठेवा.” मग म्हणाला, “खूप सुंदर आहे तिथे, हेमांगी. मला आधीच सांगायचं होतं.”

फोन ठेवला आणि मी शेळ्यांना लस टोचायला बाहेर गेले. डोळे गळत होते. शेळीवाल्या म्हातारीने विचारलं, काय झालं बाई? मी म्हटलं, लग्न मोडलं. ती म्हणाली, “मोडू दे. आधी माझ्या शेळीचं बघ.”

लग्नाची तारीख होती त्या दिवशी गावात राहवेना. मी एकटीच निघणार होते. आई म्हणाली, “मी येते.”

“तू काय करणार तिथे?”

“बसेन किनाऱ्यावर. तुझे कपडे सांभाळीन.”

हॅवलॉकच्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी ती खरंच माझे कपडे घेऊन माडाखाली बसली. मी पाण्याखाली जाऊन आले. काय पाहिलं ते सांगायला लागले तर रात्र पुरायची नाही. तळ दिसत होता. वाळूचा कण न् कण दिसत होता. वर येऊन मी आईला सगळं हातवारे करून सांगितलं, ती ऐकत राहिली आणि मग शिक्षिकेकडे बोट दाखवून म्हणाली, “तिला विचार, पोहता न येणाऱ्या बाईला नेते का.”

मी उडालेच. “आई, तुला कृष्णेत गुडघाभर पाण्याची भीती वाटते!”

“तिथलं काही दिसत नाही म्हणून वाटते. तू म्हणालीस ना, इथे सगळं दिसतं?”

शिक्षिका केरळची होती, रीमा नावाची, अंगाने काटकुळी पण हाताची पकड पक्की. तिने आईला सगळी दुखणीखुपणी विचारली, छातीवर कान ठेवायचा तेवढा बाकी ठेवला, आणि हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईला तो काळा, घट्ट पोशाख चढवला. मंगळसूत्र मी माझ्या गळ्यात घालून ठेवलं. कमरेएवढ्या पाण्यात रीमाने तिच्या हातात मास्क दिला. आईने इकडे तिकडे पाहिलं, मास्क उलटा केला आणि आत थुंकली. जन्मात चारचौघांत न थुंकलेली माझी आई. सारंगची ती तलावावरची गोष्ट मी तिला येताना बोटीत सांगितली होती. अंगठ्याने नीट चोळलं, मास्क विसळला आणि डोळ्यांवर चढवला.

“आंटी!” रीमा चकित झाली. “आप तो पहली बार कर रही हैं ना? यह किसने सिखाया?”

“जमाईने,” आई म्हणाली. “होनेवाले थे. नहीं हुए.”

लपवलं नाही, लाजली नाही. कुणीही विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

ती पाण्याखाली गेली आणि मी किनाऱ्यावर तिची साडी मांडीवर घेऊन बसले. रीमा मागून तिला धरून होती, तरी माझा जीव टांगणीला. बुडबुडे दिसत होते तिथून मी नजर हलवली नाही. खूप वेळाने दोन डोकी वर आली. आईने मास्क काढला. काठाकडे येताना ती अडखळत होती आणि हसत होती. तोंडावर मास्कचा लाल वळ उठला होता.

“काय पाहिलंस?” मी धावत गेले.

“सांगते. आधी फोन लाव.”

“कुणाला?”

“ह्यांना.”

ओल्या कानाला तिने फोन लावला. मी इतकी जवळ होते की पलीकडचा अण्णांचा आवाज मला ऐकू येत होता.

“अहो, मी बोलतेय. मी समुद्राच्या तळाशी जाऊन आले.”

“काय? कोण? तू? वेड लागलंय का? पोहता येत नाही तुला! मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात,” आई म्हणाली. “म्हणूनच नाही सांगितलं.”

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन तुटला. आई मात्र कानाला धरून उभी होती, केसांतून पाणी गळत होतं, आणि ती थांबली होती. आयुष्यभर अण्णांच्या उत्तरासाठी थांबत आली तशी नव्हे. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघत.

शेवटी अण्णांचा आवाज आला, एकदम खाली गेलेला.

“जेवलीस का?”

“हो,” आई म्हणाली. “सकाळीच. हेमाच्या आधी.”